ताप उतरेपर्यंत आत काय घडते

जुलैच्या एखाद्या संध्याकाळी वांद्र्यातल्या कुठल्याही दवाखान्यात डोकावले तर बाहेरच्या बाकावर जागा नसते. बेहरामपाड्यातला शिवणकाम करणारा, शासकीय वसाहतीतली शिक्षिका, बीकेसीतल्या वातानुकूलित कार्यालयातला तरुण, हिल रोडवरच्या दुकानदाराची आई, सगळ्यांची तक्रार जवळपास एकच. कालपासून कणकण आहे, अंग मोडून आलंय, घसा धरलाय, कोरडा खोकला थांबत नाही. यातल्या प्रत्येकाला फ्लूच झालेला असतो असे नाही. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो आणि साधी सर्दी यांचाही हाच काळ. पण इन्फ्लुएन्झाचा मुंबईतला मुख्य मोसम पावसाळा आहे, ही गोष्ट अजून पुरेशी लोकांपर्यंत पोचलेली नाही. फ्लू म्हटले की आपल्याला थंडी आठवते, कारण त्याबद्दलचे आपले वाचन बहुधा युरोप-अमेरिकेतून आलेले असते. आपल्याकडे तो पाऊस स्थिरावला की वाढतो आणि सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा आटोपेपर्यंत रेंगाळतो.

या रुग्णांपैकी बहुतेक जण आठवड्याभरात कामावर जातात आणि गोळीने बरे झालो असे समजतात. पॅरासिटामॉलने ताप आणि अंगदुखी कमी होते, विषाणूला त्याने काहीही होत नाही. अँटिबायोटिकचाही फ्लूच्या विषाणूवर परिणाम होत नाही. विषाणू हटवण्याचे काम केलेले असते रुग्णाच्या स्वतःच्या पेशींनी, आणि तेही ठरलेल्या क्रमाने. हा क्रम आणि त्याला लागणारा वेळ नीट समजला, की फ्लूची लस काय करते, ती दर वर्षी का घ्यायची आणि मुंबईकराने कोणत्या महिन्यात घ्यायची, हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून दिवसांच्याच हिशेबाने जाऊ.

समजा, सोमवारी सकाळी तुम्ही वांद्र्याला चर्चगेटची गाडी पकडली. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या खाली ओढलेल्या. शेजारी कोणी तरी खोकले आणि त्यातून उडालेले अतिसूक्ष्म थेंब तुमच्या श्वासाबरोबर आत गेले. त्या थेंबांत इन्फ्लुएन्झाचे विषाणू होते. एक विषाणू साधारण शंभर नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. आत आरएनएचे आठ तुकडे, बाहेरच्या आवरणावर दोन प्रकारचे काटे. एकाचे नाव हिमॅग्लुटिनिन, दुसऱ्याचे न्यूरामिनिडेज. एच१एन१, एच३एन२ या नावांतले एच आणि एन ते हेच.

श्वासमार्गातल्या पेशींच्या पृष्ठभागावर सायॅलिक आम्ल नावाचे शर्करारेणू असतात. एच काटा त्यांनाच चिकटतो. पण पेशीपर्यंत पोचण्याआधी शेंबडाचा पातळ थर आडवा येतो, आणि त्यातही हेच रेणू भरपूर असल्यामुळे पुष्कळ विषाणू तिथेच अडकतात. पेशींवरची सूक्ष्म केसांची लव हा थर सतत घशाकडे ढकलत असते, आपण तो नकळत गिळतो आणि विषाणू पोटातल्या आम्लात संपतो. श्वासाबरोबर आलेल्या विषाणूंपैकी कितीतरी असेच वाया जातात. जे उरतात ते एन काट्याच्या मदतीने शर्करारेणू कापत पुढे सरकतात. पेशीत तयार झालेल्या नव्या विषाणूंना पेशीपासून सुटण्यासाठीही हाच एन काटा लागतो. ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचे औषध त्यालाच निकामी करते. विषाणू पसरण्याचा वेग पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो, म्हणून लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केले तरच त्या औषधाचा पुरा फायदा मिळतो.

चिकटलेल्या विषाणूला पेशी स्वतःच एका पिशवीत घेऊन आत ओढते. पिशवीतली आम्लता वाढली की एच काट्याचा आकार बदलतो, विषाणूचे आवरण पिशवीच्या भिंतीत मिसळते आणि आरएनएचे तुकडे सुटून पेशीच्या केंद्रकात जातात. सहा ते आठ तासांत त्या एका पेशीतून नवे विषाणू बाहेर पडू लागतात. सोमवारी रात्री तुम्ही जेवून झोपता तेव्हा काहीही जाणवत नसते.

पेशीला मात्र जाणवलेले असते. तिच्या आत रिग-आय नावाचे एक प्रथिन असते. माणसाच्या आरएनएच्या टोकापेक्षा विषाणूच्या आरएनएचे टोक वेगळे असते आणि रिग-आयला हा फरक कळतो. मग पेशी इंटरफेरॉन नावाचे रसायन सोडते. ते शेजारच्या, अजून बाधा न झालेल्या पेशींना पोचते आणि त्या पेशी विषाणूची नक्कल होऊ न देणारी प्रथिने बनवायला लागतात.

इंटरफेरॉनचा शोध फ्लूच्याच विषाणूवर काम करताना लागला, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. १९५७ मध्ये लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेला तरुण संशोधक जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्याचे तुकडे उष्णतेने मारलेल्या फ्लूच्या विषाणूबरोबर ठेवले. नंतर त्याच पडद्यात जिवंत विषाणू सोडला, तो वाढेना. पडद्याभोवतीचे नुसते द्रव नव्या पडद्यावर घातले, तरी तिथेही वाढेना. पेशींनीच काही तरी बाहेर सोडले होते. त्याच १९५७ साली सिंगापूरहून मद्रासला आलेल्या जहाजातून आशियाई फ्लू भारतात उतरला आणि काही आठवड्यांत देशभर पसरला. या रोगाची आपल्या शरीरातली पहिली अडवणूक कशाने होते ते जगाला त्याच वर्षी कळत होते.

विषाणूही यावर उपाय घेऊनच येतो. त्याचे एनएस१ नावाचे प्रथिन बाधित पेशीतली इंटरफेरॉनची निर्मिती दाबून टाकते. त्यामुळे मंगळवारचा दिवस दोघांच्या चढाओढीत जातो. काही जणांच्या बाबतीत लढत तिथेच संपते आणि त्यांना फ्लू येऊन गेल्याचे कधीच कळत नाही. बाकीच्यांना बुधवारी सकाळी उठल्यावर हुडहुडी भरते.

आता एक विचित्र गोष्ट लक्षात घ्या. नेहमीच्या फ्लूचा विषाणू नाक, घसा, श्वासनलिका आणि क्वचित फुप्फुस यांपलीकडे सहसा जात नाही. मग पाठ का दुखते? पोटऱ्या का ठणकतात? कारण दुखवणारा विषाणू नसतोच. बाधित जागी पहिल्यांदा पोचलेल्या पांढऱ्या पेशी आणि फुप्फुसाच्या वायुकोशांत कायम मुक्कामाला असलेल्या महाभक्षक पेशी सायटोकाइन नावाची संदेशवाहक रसायने सोडतात. ती रक्तातून सगळीकडे जातात. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपर्यंत ती पोचली की तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि शरीराचे ठरलेले तापमान वर सरकते. पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन कमी करते, त्याचे काम इतकेच. अन्नावरची वासना जाणे, पडून राहावेसे वाटणे, उजेड नकोसा होणे, ही सगळी आपल्याच प्रतिकाराची लक्षणे आहेत. पावसाळ्यात ताप अंगावर काढून लोकलने कामावर जाण्याची आपल्याकडची सवय मला म्हणूनच फार चुकीची वाटते. शरीर स्पष्टपणे पडून राहा म्हणत असते, आणि त्याच दोन दिवसांत आपल्या खोकल्यातून सर्वांत जास्त विषाणू बाहेर पडत असतात.

या पहिल्या फळीत आणखी एका प्रकारच्या पेशी असतात, त्यांना एनके पेशी म्हणतात. आपली प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे छोटे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवत असते. आत काय चालले आहे ते त्यावरून बाहेर कळते. ज्या पेशीने ही मांडणी बंद केली किंवा जिच्यावर तणावाच्या खुणा दिसल्या, तिला एनके पेशी मारून टाकतात. विषाणू कोणता, हे त्यांना ओळखावे लागत नाही. पहिल्या फळीचे बळ यातच आहे, आणि तिची मर्यादाही. ती लगेच येते, पण नेमकेपणा तिच्याकडे नसतो. बाधित पेशी मरतात तशा शेजारच्या धडधाकट पेशीही दुखावतात. हवेसाठी मोकळे हवेत ते वायुकोश पाण्याने आणि पेशींच्या गर्दीने भरू लागतात.

हे किती टोकाला जाऊ शकते ते मुंबईने १९१८ मध्ये पाहिले. त्या वर्षी १० जूनला सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यातल्या एकाची नेमणूक गोदीवर होती. ताप मलेरियाचा नव्हता. शहराचे आरोग्याधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांच्या काळातली ही नोंद. जूनची लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू झाले. वांद्रे तेव्हा शहरात नव्हते. ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातले, स्वतःची नगरपालिका असलेले ते गाव होते, पण आगगाडी त्याला रोज शहराशी जोडतच होती. वांद्र्याच्या गल्ल्यांत १८९६ च्या प्लेगच्या आठवणीचे क्रॉस आजही उभे आहेत आणि लोक त्यांच्यापुढे मेणबत्त्या लावतात. त्यानंतर बावीस वर्षांनी आलेल्या या साथीने मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसे काही महिन्यांत नेली. देशावर, विशेषतः खेड्यापाड्यांत, ती मानमोडी म्हणून ओळखली गेली. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते, आणि उपाशी शरीरांवर ही साथ आली.

नेहमीचा फ्लू लहान मुले आणि म्हाताऱ्या माणसांना जास्त धोक्याचा असतो. १९१८ मध्ये मात्र वीस ते चाळीस वयाची धट्टीकट्टी माणसे मोठ्या संख्येने गेली. घरातली कमावती माणसे, बाळंतिणी. असे का झाले, यावर शास्त्रज्ञांचे अजून पूर्ण एकमत नाही. अलास्कातल्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका स्त्रीच्या फुप्फुसातून आणि जपून ठेवलेल्या जुन्या शवविच्छेदनाच्या नमुन्यांतून त्या विषाणूची जनुके वाचली गेली. २००५ मध्ये अमेरिकेत तो प्रयोगशाळेत पुन्हा उभा केला गेला आणि २००७ मध्ये कॅनडातल्या विनिपेगमध्ये माकडांना त्याची बाधा करून पाहिली गेली. त्या माकडांत पहिल्या फळीची प्रतिक्रिया बिघडलेली होती. सायटोकाइन भलतेच वाढले आणि थांबेनात, फुप्फुसे पाण्याने भरली. म्हणजे मारण्यात विषाणूइतकाच वाटा शरीराच्या अनावर प्रतिक्रियेचा होता.

पण त्याहून महत्त्वाचा, आणि आजही लागू असलेला धडा जुन्या शवविच्छेदनांच्या फेरतपासणीतून निघाला. मृतांपैकी बहुतेकांना विषाणूच्या मागोमाग जिवाणूंचा न्यूमोनिया झाला होता. फ्लूने श्वासमार्गाची लवदार पेशींची अस्तरे सोलली जातात, घाण वर ढकलणारे कोणी उरत नाही आणि घशात निमूटपणे राहणारे न्यूमोकॉकससारखे जिवाणू खाली उतरतात. म्हणून घरातल्या कोणाचा फ्लूचा ताप उतरून एक-दोन दिवस बरे वाटले आणि मग पुन्हा ताप चढला, दम लागू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अशा वेळी अँटिबायोटिकची खरी गरज असते.

आपल्या रुग्णाकडे परत येऊ. बुधवारी तो अंथरुणात असताना, त्याच्या नकळत दुसरे आणि जास्त नेमके काम सुरू झालेले असते. श्वासमार्गाच्या अस्तरात शाखायुक्त पेशी असतात. त्यांना डेंड्रिटिक पेशी म्हणतात. त्या विषाणूचे तुकडे उचलतात आणि लसिकावाहिन्यांतून छातीतल्या जवळच्या लसिका ग्रंथीत जातात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते ते अशाच ग्रंथी सुजल्यामुळे. छातीतल्या ग्रंथीही तशाच सुजतात, फक्त हाताला लागत नाहीत.

या ग्रंथींत लाखो टी पेशी आणि बी पेशी फिरतीवर असतात. प्रत्येकीचा ग्राहक वेगळा, म्हणजे प्रत्येकीला एकच विशिष्ट आकार ओळखता येतो. हे आकार जन्माआधीपासून जनुकांच्या तुकड्यांची उलटसुलट जुळणी होऊन तयार होत असतात. शरीराने ज्या विषाणूचे तोंड कधी पाहिले नाही, त्यालाही बसेल असा ग्राहक कुठल्या तरी पेशीवर असतो. अडचण संख्येची. फ्लूच्या एखाद्या तुकड्याला ओळखणारी टी पेशी लाखात एक किंवा त्याहूनही कमी. डेंड्रिटिक पेशीने आणलेला तुकडा आणि त्याची नेमकी टी पेशी यांची गाठ पडायला वेळ लागतो. गाठ पडल्यावर ती पेशी विभागू लागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असे दर काही तासांनी. लढण्याजोगी संख्या व्हायला चार-पाच दिवस जातात. हा उशीर कोणत्याही औषधाने, काढ्याने किंवा च्यवनप्राशाने कमी होत नाही.

पुढच्या सोमवारच्या सुमारास या टी पेशी फुप्फुसात पोचतात. त्यातल्या सीडी८ प्रकारच्या पेशी पृष्ठभागावर मांडलेले विषाणूचे तुकडे पाहून बाधित पेशी ओळखतात आणि तिला भोके पाडून आत विघटनाची प्रथिने सोडतात. बाधित पेशी आतले विषाणू बाहेर पडण्याआधीच मरते. टी पेशी तुकडा नुसता पाहत नाही, तो ज्या प्रथिनावर मांडलेला असतो ते आपलेच आहे का हेही पाहते, हा शोध पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात लावला. त्याबद्दल त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मांडणीची ही प्रथिने माणसागणिक वेगळी असतात. एकाच खोलीत झोपणाऱ्या दोन भावांपैकी एकाला फ्लू जड जातो आणि दुसऱ्याला हलका, त्यामागे हेही एक कारण असू शकते.

तिकडे ग्रंथीत बी पेशींचे काम चालूच असते. काही बी पेशी लगेच प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला चिकटणारी प्रथिने, सोडू लागतात, पण ती घाईतली आणि साधारणच चिकटणारी. बाकीच्या ग्रंथीत थांबतात, आपल्याच प्रतिपिंडाच्या जनुकात बदल करत राहतात आणि ज्यांचे प्रतिपिंड विषाणूला अधिक घट्ट चिकटते त्याच टिकतात, उरलेल्या मरतात. हे काही आठवडे चालते. निवडून आलेल्यांपैकी काही हाडांच्या मगजात जाऊन प्रतिपिंडे बनवत राहतात, काही स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षे फिरत राहतात. किती वर्षे? २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी १९१८ ची साथ लहानपणी पाहिलेल्या ९१ ते १०१ वयाच्या वृद्धांचे रक्त तपासले. नव्वद वर्षांनंतरही त्यांच्यात त्या विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या बी पेशी सापडल्या. शरीराच्या स्मरणाचा इतका लांबचा पुरावा दुसरा क्वचितच असेल.

मग एकदा फ्लू झाल्यावर पुन्हा का होतो? स्मृती शाबूत असते, विषाणू बदललेला असतो. एच काट्याचा आकार फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा आहे, वर पसरट डोके आणि खाली देठ. प्रतिपिंडे बहुधा डोक्याला चिकटतात, कारण तेच समोर असते. विषाणूची आरएनए उतरवताना वारंवार चुका होतात, डोक्याचा आकार वर्षागणिक थोडा थोडा सरकतो आणि जुनी प्रतिपिंडे नीट बसेनाशी होतात. टी पेशींचे तसे नाही. त्या विषाणूच्या पोटातली प्रथिने ओळखतात, आणि ती फारशी बदलत नाहीत. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात अजित लालवाणी यांच्या गटाने २००९ च्या साथीत तिथल्या विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांचा पाठपुरावा केला. ज्यांच्या रक्तात जुन्या फ्लूमुळे तयार झालेल्या अशा सीडी८ पेशी जास्त होत्या, त्यांना नव्या विषाणूची बाधा झाली तरी आजार सौम्य राहिला. म्हणजे टी पेशी संसर्ग अडवत नाहीत, तो वाढू देत नाहीत.

२००९ ची साथ आपल्याकडे अनेकांना आठवत असेल. ३ ऑगस्टला पुण्यातल्या चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, तो देशातला पहिला. नायडू रुग्णालयासमोर आणि मुंबईत कस्तुरबा रुग्णालयासमोर रांगा लागल्या, शाळा आणि सिनेमागृहे बंद झाली. कापूर आणि वेलचीची पुरचुंडी खिशात ठेवून लोक फिरत होते. त्या पुरचुंडीने कोणत्याही पेशीला काहीही मदत होत नाही. त्या साथीतली एक गोष्ट मात्र पेशींच्या स्मृतीनेच उलगडते. साठीपुढच्या माणसांना तिची बाधा तुलनेने कमी झाली. १९१८ च्या विषाणूचे वंशज १९५७ पर्यंत माणसांत फिरत होते, आणि २००९ च्या विषाणूच्या एच काट्याचे डोके त्या जुन्या डोक्याशी मिळतेजुळते होते. त्या काळात लहान असलेल्यांच्या स्मृतिपेशींना नवा पाहुणा ओळखीचा वाटला.

आयुष्यात पहिल्यांदा गाठ पडलेल्या फ्लूचा ठसा सर्वांत खोल असतो, असे थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० मध्ये मांडले. १९६८ च्या आधी जन्मलेल्यांचा पहिला फ्लू बहुधा एच१ किंवा एच२, नंतरच्या पिढीत अनेकांचा एच३. बर्ड फ्लूच्या दोन वेगळ्या विषाणूंनी या दोन पिढ्यांना वेगवेगळे पकडले, असे २०१६ च्या एका विश्लेषणात दिसले. तुमचे जन्मवर्ष तुमच्या बी पेशींत लिहिलेले असते असे म्हटले तरी चालेल.

आता लस. आपल्याकडे बहुतेकांना मिळते ती मारलेल्या विषाणूची. कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवतात, मारतात, फोडतात आणि शुद्ध करतात. नेहमीच्या मात्रेत प्रत्येक प्रकारच्या विषाणूचे १५ मायक्रोग्रॅम हिमॅग्लुटिनिन असते. दंडात सुई गेली की स्नायूतल्या डेंड्रिटिक पेशी ते उचलून काखेतल्या लसिका ग्रंथीत नेतात. पुढचे सगळे वर सांगितले तसेच, फक्त कोणी आजारी नसते. सातव्या दिवसाच्या आसपास रक्तात प्रतिपिंडे सोडणाऱ्या बी पेशींची भरती येते. हे अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात, हैदराबादेत जन्मलेले रफी अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. दोन आठवड्यांत प्रतिपिंडे संरक्षक पातळीला पोचतात. सेंट लुइसच्या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या काखेतल्या ग्रंथींतून बारीक सुईने पेशी काढून पाहिल्या, तेव्हा काहींच्या ग्रंथींत बी पेशींची निवड नऊ आठवड्यांपर्यंत चालू होती.

म्हणजे संसर्गात जो आठवडा आपण अंथरुणात घालवतो, तो लस आधीच भरून ठेवते. सोमवारी लोकलमध्ये विषाणू शिरला, तर नाकाघशात पाझरलेली प्रतिपिंडे एच काट्याला झाकून टाकायला तयार असतात. काही विषाणू निसटले तरी स्मृतिपेशी तीन-चार दिवस आधी कामाला लागतात.

‘लस घेतली आणि दुसऱ्याच दिवशी फणफणलो,’ असे पुष्कळ जण सांगतात. दंड दुखणे, एखादा दिवस कणकण, ही पहिल्या फळीची सायटोकाइन. लशीतला विषाणू मेलेला असल्यामुळे तिने फ्लू होऊ शकत नाही. त्याच आठवड्यात खरा फ्लू झाला, तर तो बाहेरून आलेला, आणि प्रतिपिंडे अजून तयार व्हायची असतात.

‘मागच्या वर्षी घेतली होती की, परत कशाला?’ याला दोन उत्तरे आहेत. विषाणूचे डोके सरकते, हे एक. दुसरे रफी अहमद यांच्याच गटाने २०२० मध्ये दिले. लशीनंतर हाडांच्या मगजात पोचलेल्या नव्या प्रतिपिंडनिर्मात्या पेशी वर्षभरात बहुतांश नाहीशा होतात. स्मृती पूर्ण जात नाही, रोजचा पुरवठा आटतो.

लशीच्या मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. चांगली जुळलेल्या वर्षीही ती फ्लूची बाधा साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. मेलेला विषाणू पेशीत वाढत नसल्यामुळे सीडी८ पेशी तिने फारशा जाग्या होत नाहीत, आणि नाकातली आयजीए प्रतिपिंडेही कमीच बनतात. नाकावाटे द्यायच्या जिवंत, सौम्य केलेल्या लशीत ही उणीव कमी असते. असा विषाणू थंड नाकात वाढतो, उबदार फुप्फुसात वाढू शकत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये अशीच नेझोव्हॅक ही लस बाजारात आणली, ती रशियात तयार झालेल्या मूळ विषाणूवर आधारलेली होती. एच काट्याच्या देठावर, म्हणजे न बदलणाऱ्या भागावर प्रतिपिंडे बनवणाऱ्या लशींचे प्रयोगही चालू आहेत.

तरीही आज हातात आहे ती लस घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ती आजार गंभीर होण्याची आणि रुग्णालयाची पाळी येण्याची शक्यता कमी करते. महाराष्ट्रात २०१५ मध्ये एच१एन१ ने सुमारे नऊशे आणि २०१७ मध्ये पावणेआठशेच्या आसपास नोंदलेले मृत्यू झाले. त्यांत मधुमेह, रक्तदाब आणि गरोदरपण असलेले रुग्ण बरेच होते. वय वाढते तशा ताज्या टी पेशी कमी होतात, म्हणून म्हाताऱ्यांत लशीची प्रतिक्रियाही मंद असते, आणि धोका सर्वांत जास्त त्यांनाच असतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही. गरोदर आईने घेतली तर तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात.

जागतिक आरोग्य संघटना लशीत कोणते विषाणू घालायचे ते वर्षातून दोनदा ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. इन्फ्लुएन्झाच्या बी प्रकारातला यामागाता हा वंश मार्च २०२० नंतर खात्रीने सापडलेला नाही, म्हणून लस आता चारऐवजी तीन विषाणूंची झाली आहे. नकाशावर आपण उत्तर गोलार्धात आहोत, फ्लूच्या मोसमात मात्र दक्षिणेच्या जवळ. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या मनदीप चढ्ढा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या शहरांची पाहणी मांडली. श्रीनगरात फ्लू हिवाळ्यात वाढतो, आपल्या भागात पावसाळ्यात. त्यामुळे तिथे लस ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घ्यावी, असा त्या पाहणीचा निष्कर्ष आहे. ऑक्टोबरात घेतलेल्या लशीची प्रतिपिंडे जुलैपर्यंत बरीच उतरलेली असतात.

मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. त्याच्या निदान दोन आठवडे आधी घरातल्या साठीपुढच्यांना, गरोदर मुलीला किंवा सुनेला, दमा आणि मधुमेह असलेल्यांना आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ही लस मिळावी. लहान मुलाची पहिलीच वेळ असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, म्हणून त्याचे एप्रिलमध्येच सुरू करा. डॉक्टरांना चालू मोसमाची लस आहे ना, एवढे विचारा आणि घेऊन टाका.